सोलापुरातून सरकारी पुरवठा: टॉवेलच्या छोट्या कारखान्याला टेंडर मिळू शकतं का?

टेरी_टॉवेल
सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचे टॉवेलचे माग आहेत, वडिलांच्या काळापासूनचे. माल चांगला निघतो, पण सगळा व्यापाऱ्याला जातो आणि भाव तोच ठरवतो. सूत महागलं की तोटा आमच्या अंगावर, सूत उतरलं की त्याचा फोन लगेच. उधारी तर विचारूच नका.

सिव्हिल हॉस्पिटल, सोरेगावचं राज्य राखीव दल, केगावचं पोलीस प्रशिक्षण केंद्र, समाजकल्याणची वसतिगृहं, रेल्वे, एवढी सगळी गिऱ्हाइकं आपल्या गावात आहेत. टॉवेल-चादर यांना लागतेच. मग सोलापूरच्या मागावरचा माल त्यांना थेट का देता येऊ नये?

आमच्याकडे जीएसटी आहे, लघुउद्योगाची उद्यम नोंदणी आहे. त्यापुढे काय करायचं ते माहीत नाही. एक एजंट म्हणतो, पंधरा हजार द्या, जेमवर (सरकारी खरेदीच्या पोर्टलवर) सगळं करून देतो. नात्यातले एक काका म्हणतात, वशिल्याशिवाय तिथं काही हलत नाही, नादाला लागू नकोस. ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगावं. पैसे अडकतात का, हे पण सांगा.

भांडार_विभाग
सोमवार, रात्री ११:०५

मी एका सरकारी कार्यालयाच्या भांडार विभागात नोकरी करून निवृत्त झालो. खरेदीच्या फायली टेबलाच्या त्या बाजूने पाहिल्या आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी एजंटचं. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे. १ जुलै २०२० पासून ही पद्धत सुरू झाली. आधार, पॅन आणि जीएसटी एवढ्यावर होते, कागद अपलोड करावे लागत नाहीत. जेमवर विक्रेता म्हणून नोंदणीसुद्धा स्वतः करता येते. एजंटला पैसे देण्यापेक्षा मोठा धोका वेगळा आहे. तो स्वतःचा मोबाईल नंबर आणि ईमेल टाकून खातं उघडतो. पुढे बिडचा, म्हणजे निविदेचा निरोप, खुलासा मागणारं पत्र, सगळं त्याच्याकडे जातं. खातं तुमचं, चावी त्याची. घरातल्या कॉम्प्युटर येणाऱ्या मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा आणि स्वतः करा.

आता खरेदी कुठं कुठं चालते ते समजून घ्या. केंद्र सरकारची खाती आणि कंपन्या मुख्यतः जेमवरून घेतात. हे पोर्टल ऑगस्ट २०१६ मध्ये सुरू झालं. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांनुसार जी वस्तू जेमवर मिळते ती तिथूनच घेणं त्या खात्यांना बंधनकारक आहे. राज्याची खाती, जिल्हा परिषद, महापालिका यांच्या ई-निविदा महाटेंडर्स या संकेतस्थळावर निघतात. राज्याची बरीच कार्यालयंही आता जेमवर दिसतात. रेल्वेचं स्वतःचं आयरेप्स हे पोर्टल आहे. तिन्ही ठिकाणच्या रीती वेगळ्या. पहिल्या वर्षी तिन्हीकडे धावू नका, एक धरा. तुमच्या मालाला मी जेम सांगेन.

आणि वशिल्याबद्दल तुमच्या काकांना एवढंच सांगा: माझ्यासमोर बाद झालेल्या लहान पुरवठादारांतले बहुतेक कागदावर बाद झाले. तीन वर्षांच्या ताळेबंदाऐवजी दोनच जोडलेले. प्रतिज्ञापत्र निविदेतल्या नमुन्यात नाही. दाखल्याची मुदत संपलेली. दर उघडण्याची वेळच येत नाही. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालात की आर्थिक लिफाफा उघडलाच जात नाही, मग तुमचा दर कितीही कमी असो.

करमाळा_कट्टा
सोमवार, रात्री ११:४०

साहेब, तुमचा मान राखून बोलतो. टेबलाच्या त्या बाजूनं सगळं सरळच दिसतंय. आमच्याकडं तालुक्याला बघा की, काम कुणाला जाणार ते टेंडर निघायच्या आधी चहाच्या टपरीवर ठरलेलं असतंय. अटी अशा टाकतेत की एकच माणूस बसावा. माझ्या मित्रानं खुर्च्या-टेबलाचं भरलं होतं. अट काय तर 'शाळांना गेल्या तीन वर्षांत अमुक लाखांचा पुरवठा'. नवीन माणसानं कुठून आणायचा? नवीन पोरांना उगं आशा लावू नका.

चिंचोळी_शेड
मंगळवार, सकाळी ७:५५

करमाळा_कट्टा दादा, तुमचं म्हणणं खोटं नाही. अशी टेंडरं असतात आणि त्यात वेळ घालवायचा नसतो. माझा चिंचोळीत फॅब्रिकेशनचा शेड आहे. रेल्वेचं आणि केंद्राच्या एका कंपनीचं काम करतो, म्हणून आम्ही कसं ओळखतो ते सांगतो.

तपशिलात एकाच कंपनीची मापं मिलिमीटरपर्यंत जशीच्या तशी उतरवलेली असतील, किंवा वस्तूशी संबंध नसलेली प्रमाणपत्रं मागितली असतील, किंवा मुदत सणासुदीच्या सुट्टीत घालून मोजके दिवस ठेवले असतील, तर ते पान बंद करायचं. पण बंद करायच्या आधी एक गोष्ट करायची. निविदापूर्व बैठक असेल तर लेखी हरकत द्यायची. जेमच्या बिडवर ठरलेल्या मुदतीत ऑनलाइन निवेदन देता येतं. भाषा सभ्य, मुद्दा नेमका. 'ही अट अमुक कारणाने स्पर्धा कमी करते, त्याऐवजी अशी ठेवावी.' एकट्याच्या हरकतीवर काही हलेल असं नाही, पण तिघाचौघांनी तेच लिहिलं की शुद्धिपत्रक निघतं. हे मी होताना पाहिलंय.

दुसरं, निकाल लागल्यावर तुलनात्मक तक्ता माहिती अधिकारात मागता येतो. अर्जाची फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. कोणी कोणत्या दराने भरलं, कोण का बाद झालं, हे पुढच्या वेळी फार उपयोगाला येतं. भांडण म्हणून नाही, अभ्यास म्हणून मागा.

अनुभवाच्या अटीवर उपाय एकच, लहान ऑर्डरपासून चढायचं. जेमवर छोट्या रकमेची खरेदी बिडशिवाय थेट होते. त्याच्या वरच्या टप्प्यात तिथल्याच विक्रेत्यांच्या दरांची तुलना करून घेतात, आणि त्याहून मोठी असेल तर बिड. थेट खरेदीत तुमचा कॅटलॉग, फोटो आणि दर नीट असला की ऑर्डर येऊ शकते. ती पूर्ण केल्याचा दाखला जपून ठेवा. पुढच्या बिडला 'पूर्वानुभव' म्हणून तोच चालतो.

सुईदोरा
मंगळवार, दुपारी १:२०

मी गणवेश शिवण्याचं युनिट चालवते, बायकाच बायका आहोत. चिंचोळी_शेड भाऊंनी लिहिलं ते पटलं.

महिलांसाठी एक माहिती राहून गेली, ती देते. केंद्राच्या सार्वजनिक खरेदी धोरणानुसार, २०१२ चा आदेश आहे, केंद्राच्या खात्यांनी आणि कंपन्यांनी वर्षाच्या खरेदीतली किमान २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करायची आहे. त्यात ३ टक्के महिलांच्या मालकीच्या आणि ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांकडून. ३५८ वस्तू तर फक्त लघुउद्योगांकडूनच घ्यायच्या यादीत आहेत. टेरी_टॉवेल, तुमच्याकडे आई किंवा वहिनी खरोखर धंदा बघत असतील तर मालकी त्यांच्या नावावर असण्याचा विचार करा. फक्त कागदावर नाव नको. चौकशीत विचारतात, सही कोण करतं, बँक खातं कोण चालवतं.

शाळेच्या गणवेशाचं सोलापूरला वेगळं सांगायला नको. २०२४-२५ साली राज्याने कापड एकत्र घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरवलं होतं, पुरवठ्याला उशीर झाला, आणि २०२४ च्या अखेरीस निर्णय बदलून काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे आलं. म्हणजे मुख्याध्यापक आणि समिती गावातच ठरवतात. दोन गणवेशांना मुलामागे ६०० रुपये मिळतात, त्यात कापड, शिलाई, बटण सगळं. रक्कम लहान, पण अशा कामाला डिजिटल सहीसुद्धा लागत नाही. माप नीट घेतलं आणि शाळा उघडायच्या आधी दिलं, की समिती पुढच्या वर्षी आपणहून फोन करते.

भांडार_विभाग
मंगळवार, दुपारी ३:१०

सुईदोरा ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, फक्त एक खुलासा, कारण इथं लोक कायम फसतात. ते २५ टक्क्यांचं धोरण केंद्राच्या खात्यांना आणि केंद्राच्या कंपन्यांना लागू आहे. जिल्हा परिषदेत जाऊन ते दाखवू नका. राज्याच्या खरेदीची कार्यपद्धती १ डिसेंबर २०१६ च्या शासन निर्णयात आहे, तो काढून वाचा. मराठीतच आहे.

आपल्या भागात केंद्राची गिऱ्हाइकं कोणती? मध्य रेल्वेचा सोलापूर विभाग, कुर्डुवाडीचा रेल्वे कारखाना, दक्षिण सोलापुरातलं एनटीपीसीचं औष्णिक केंद्र, केगावचं डाळिंब संशोधन केंद्र, टपाल खातं. तिथं हे धोरण चालतं.

त्या धोरणातला सगळ्यात कामाचा भाग लोकांना माहीत नसतो. समजा सगळ्यात कमी दर एखाद्या मोठ्या कंपनीचा आला आणि तुमचा दर त्याच्या १५ टक्के वरपर्यंत आहे, तर त्या कमी दराला यायला तुम्ही तयार असाल तर निविदेच्या किमान २५ टक्के मालाची ऑर्डर तुम्हाला मिळू शकते. म्हणजे पहिलं आलंच पाहिजे असं नाही. पण हे सगळं उत्पादकाला आणि सेवा देणाऱ्याला आहे. व्यापाऱ्यालाही आता उद्यम नोंदणी मिळते, पण ती बँकेच्या प्राधान्य कर्जापुरती. खरेदीतल्या सवलती त्याला नाहीत. टेरी_टॉवेल, इथं तुम्ही तुमच्या व्यापाऱ्याच्या पुढे आहात. माग तुमचे आहेत.

बयाणा रक्कम, म्हणजे ईएमडी, सूक्ष्म-लघु उद्योगाला माफ. निविदा अर्जाचं शुल्कही माफ. मात्र काम मिळाल्यावर द्यायची सुरक्षा अनामत माफ नाही. केंद्राच्या नियमात ती ३ ते ५ टक्के. लोक बयाणा माफ वाचून सगळंच माफ समजतात आणि ऑर्डर आल्यावर बँक गॅरंटीसाठी पळापळ होते.

झेडपी_अभियंता
मंगळवार, रात्री ९:००

बांधकामाकडचं थोडक्यात. मी नोंदणीकृत सुशिक्षित बेरोजगार अभियंता. आपल्या राज्यात लहान कामांचं वाटप ३३:३३:३४ असं आहे: ३३ टक्के बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर सहकारी संस्थांना, उरलेली ३४ खुल्या निविदेला. तरुण अभियंत्याने सार्वजनिक बांधकामकडे नोंदणी करून काम वाटपातून सुरुवात करावी.

खुल्या टेंडरमध्ये 'बिलो', म्हणजे अंदाजपत्रकाच्या खाली जाण्याचा रोग आहे. २०-२५ टक्के बिलो भरून काम घ्यायचं आणि मग सिमेंटमध्ये भरून काढायचं. अंदाजपत्रकाच्या फार खाली गेलात तर जादा सुरक्षा अनामत भरावी लागते, आणि काम झाल्यावरही दोष दायित्व कालावधी असतो, त्यात रस्ता उखडला तर दुरुस्ती आपल्या खर्चाने. दर काढताना १ टक्का कामगार उपकर, जीएसटी आणि आयकराची कपात धरा. आणि झाकली जाणारी कामं, पाया, सळई, झाकण्याआधी मोजमाप पुस्तिकेत नोंदवून घ्या. नंतर कोणीच उकरून बघत नाही आणि बिलात ती ओळ येत नाही.

टेरी_टॉवेल
बुधवार, सकाळी ८:३०

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढी माहिती एका जागी कोणी दिली नव्हती. काल रात्री जेमवर टॉवेलची बिडं बघितली. एक आहे, ५,००० नग, ३० बाय ६० इंच, ४५० जीएसएम (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजन). आमचा नेहमीचा माल ४०० चा असतो. दर काढताना तोच धरून थोडे पैसे वाढवले तर चालेल का? फरक असा कितीसा पडणार?

चिंचोळी_शेड
बुधवार, सकाळी ९:१५

टेरी_टॉवेल, थांबा. तुमचा धंदा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो, पण आकडा मांडून बघू.

३० बाय ६० इंच म्हणजे ०.७६२ गुणिले १.५२४ मीटर, साधारण १.१६ चौरस मीटर. ४०० जीएसएमला नग ४६५ ग्रॅमचा, ४५० ला ५२३ ग्रॅमचा. नगामागे ५८ ग्रॅम. ५,००० नगांना २९० किलो सूत जास्त. शिवाय विणताना वाया जाणारं आणि धुलाईत कमी होणारं वेगळं. थोड्या पैशांत बसतंय का बघा.

आणि सरकारी तपासणीत वजनकाटा असतो. व्यापारी हाताला लागलेल्या मऊपणावर माल घेतो; इथं प्रयोगशाळेचा अहवाल मागतात. जीएसएम, एका इंचातले ताणे-बाणे, रंग पक्का आहे का, पाणी किती शोषतो. नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत आधीच तपासून घ्या. अहवाल हातात आल्याशिवाय दर टाकू नका. मला लोखंडाच्या जाडीचं हेच करावं लागतं.

सुईदोरा
बुधवार, सकाळी ११:४५

अजून एक बघा. बिडमध्ये 'हातमाग' लिहिलंय का? लिहिलं असेल तर यंत्रमागाचा टॉवेल चालत नाही, कितीही चांगला असला तरी. काही कापडी वस्तू राज्यात हातमाग-यंत्रमाग महामंडळांमार्फत घ्यायची पद्धत आहे, तिथं खात्याकडे खेटे घालण्यापेक्षा महामंडळाचे पुरवठादार म्हणून नाव लावणं सोपं. आमच्या गल्लीतल्या एका विणकर अण्णांनी तेच केलं.

लेजर_बुक
बुधवार, रात्री १०:२५

मी सनदी लेखापाल, दत्त चौकाकडे बसतो. पैशांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. माझ्याकडच्या लहान पुरवठादारांत दर चुकून बुडालेले कमी. ऑर्डर मिळाल्यावर हातात पैसा नसल्यामुळे अडकलेले जास्त.

समजा ८ लाखांची ऑर्डर. अनामत ५ टक्के म्हणजे ४०,००० बाजूला. सुताचे पैसे रोख किंवा आठवड्याच्या उधारीवर. मजुरी दर शनिवारी. माल पोचला, बिल दिलं, की पुढच्या महिन्यात जीएसटी भरायचा, खात्याकडून पैसे आलेले असोत वा नसोत. त्यात कराराची रक्कम अडीच लाखांच्या वर असेल तर सरकारी खातं २ टक्के जीएसटी टीडीएस कापतं, म्हणजे इथं १६,०००. ते बुडत नाहीत, जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या रोख खातेवहीत येतात, पण तिथं जाऊन स्वीकारावे लागतात. कित्येक जण ते स्वीकारतच नाहीत, वर्षानुवर्षं पडून असतात. उद्याच बघा.

माझा सल्ला असा: ज्या ऑर्डरचे पूर्ण पैसे चार महिने आले नाहीत तरी मजुरी थांबणार नाही, तेवढीच ऑर्डर घ्या. चार महिने लागतीलच असं नाही. जेमवर माल मिळून स्वीकारल्याचा दाखला निघाला की दहा दिवसांत पैसे द्यायचा नियम आहे, आणि केंद्राची कार्यालयं बऱ्यापैकी पाळतात. पण अनुदान आलं नाही, मार्च अखेरची गर्दी आहे, सही करणारे बदलून गेले, हे होतंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऑर्डर भरपूर निघतात आणि माल ३१ मार्चच्या आत मागतात. तेव्हा सुताचा साठा आधी असावा लागतो.

पैसे थकले तर सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांचा (एमएसएमई) विकास कायदा, २००६ तुमच्या बाजूने आहे. करारात काहीही लिहिलेलं असो, माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे पैसे ठेवता येत नाहीत. करार नसेल तर १५ दिवस. त्यापुढे रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, दरमहा चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते, ती असे थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या विभागीय सुकरता परिषदेकडे जाते. परिषदेचा निवाडा विरोधात गेला आणि खात्याला कोर्टात जायचं असेल तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. उद्यम नोंदणी ऑर्डरच्या आधीची असावी, नंतर केली तर वाद निघतो.

तक्रार हे शेवटचं पाऊल. त्याआधी बिलाची पोच, डिलिव्हरी चलनावर शिक्का, दर पंधरा दिवसांनी एक सभ्य पत्र, एवढं तरी फायलीत पाहिजे. तोंडी विचारणा करून आलात तर त्याचा कागद राहत नाही.

करमाळा_कट्टा
गुरुवार, सकाळी ६:५०

हे चांगलं लिहिलंय. मी तक्रारखोर वाटलो असेन, पण वाचून मित्राला धागा पाठवला. त्यानं एक विचारलंय. महाटेंडर्सवर त्यानं सगळं भरलं, फाइली चढवल्या, पण बिड गेलीच नाही असं दाखवतंय. असं का?

भांडार_विभाग
गुरुवार, सकाळी ७:३०

करमाळा_कट्टा भाऊ, फ्रीज केलं नसणार. तिथं फाइली चढवल्या म्हणजे बिड गेली असं होत नाही. शेवटी 'फ्रीज बिड सबमिशन' दाबावं लागतं, मग पोच मिळते. ती पोच छापून ठेवली की बिड गेली.

त्यांना अजून तीन गोष्टी सांगा. दराचं एक्सेल पत्रक उतरवून घेतलं की त्याचं नाव बदलायचं नाही आणि रकान्यांत फेरफार करायचा नाही, नाहीतर सिस्टीम घेत नाही. डिजिटल सही क्लास थ्री पाहिजे आणि तिची मुदत निविदा उघडेपर्यंतच्या पुढची असावी. शेवटच्या दिवशी दुपारी भरायला बसायचं नाही. त्या वेळी सगळ्या राज्यातले लोक तेच करत असतात. आदल्या दिवशी भरून टाकावं. त्याआधी शुद्धिपत्रक आलंय का बघावं, कारण तारीख किंवा अट त्यातच बदललेली असते.

चिंचोळी_शेड
गुरुवार, दुपारी १२:०५

आणखी एक भर. शेजारच्या शेडवाल्याला स्पर्धक समजू नका. आमच्याकडे एकाला कटिंग जमतं, दुसऱ्याला पावडर कोटिंग. मोठं काम आलं की आधीच लेखी ठरवून घेतो, कोण काय करणार, तपासणीला कोण उभं राहणार. तुमच्याकडे टॉवेलवाले शेकड्याने आहेत. एकाची रंगाई, एकाचे माग असं जमवता येईल. फक्त एकाच टेंडरमध्ये दोघांनी मिळून दर ठरवून वेगवेगळं भरायचं नाही. त्याला साखळी म्हणतात, ते बेकायदा आहे आणि काळ्या यादीत गेलात की पुढची दारं बंद. कोणी 'तू वरचा दर टाक, तुला काहीतरी देतो' म्हणालं तर स्पष्ट नाही म्हणा.

टेरी_टॉवेल
शुक्रवार, रात्री ९:४८

सगळ्यांचं ऐकून घरी बसून हिशोब मांडला. ५,००० नगांची बिड सोडतोय. सूत, अनामत आणि मुदत, तिन्ही आमच्या आवाक्याबाहेर आहेत. दुसरी एक दिसली, ६०० नगांची, ४०० जीएसएम, एका वसतिगृहाची, पोचवायचं ठिकाण सोलापूरच. पूर्वानुभवाची अट नाही. ही आमच्या मागावर आठवड्यात निघते. नमुना उद्या प्रयोगशाळेला पाठवतोय. आईचं नाव भागीदारीत पहिल्यापासून आहे, बँकेत तिचीच सही चालते, तेही लेजर_बुक सरांना विचारून नीट करून घेतो.

एक शंका. बिडमध्ये 'नमुना सादर करावा' लिहिलंय. एकच नग द्यायचा का, आणि नंतर मोठ्या मालाशी त्याची तुलना कोण करतं?

सुईदोरा
शुक्रवार, रात्री १०:१५

एकसारखे तीन नग काढा, एकाच ताण्यावरचे. एक त्यांना द्या, त्याची पोच घ्या. दुसऱ्यावर त्यांची आणि तुमची सही करून सीलबंद करून घ्या, तो तुमच्याकडे ठेवा. तिसरा मागावरच्या माणसाजवळ, त्याने रोज त्याच्याशी जुळवून काम करावं. माल उतरताना खात्याचा माणूस बदललेला असू शकतो, आणि 'हा रंग वेगळा आहे' म्हणाला तर सीलबंद नग समोर ठेवता येतो. किनारीवर शिक्का विणायचा असेल तर अक्षरं आधी लेखी मंजूर करून घ्या.

लेजर_बुक
शुक्रवार, रात्री १०:४०

नमुन्यांची पोच बिलाच्या फायलीतच लावा. भागीदारीचा करारनामा आणि उद्यम प्रमाणपत्रावरचा मालकीचा प्रकार एकमेकांशी जुळतोय का, ते सोमवारी येताना दोन्ही घेऊन या, बघू.